भिंतीतली भट्टी

मार्गशीर्ष शुद्ध तृतीया, शके १८५८. औंढा.

काल हाजराबीची ईद झाली. आज सकाळी तिनं नेहमीसारखा परसातल्या भिंतीवरून शिधा दिला. कोरड्या शेवया, खारीक, साखर. शिजवलेलं ती देत नाही, मी घेत नाही. दोघी नव्या नवऱ्या होऊन या शेजारात आलो तेव्हापासून असंच चाललंय आणि त्यात कुणाला तकलीफ झालेली नाही.

तिचा फारुक हैद्राबादहून आला आहे. तिथं कापडाच्या दुकानात असतो, इस्त्रीचा कोट घालतो. नागनाथाच्या वाटेवर माझं बेलफुलाचं दुकान आहे, तिथं उभा राहून म्हणाला, "मावशी, अम्मीला आता घेऊनच जातो. अब्बा गेल्यापासून ती हिथं काय करून राहिली? भिंतीला टेकून बसती अन् तुमच्याशी बोलती."

मी म्हटलं, "बरं."

हाजराला विचारलं तर तीही म्हणाली, "लेकरू म्हणतंय तर बरं."

दोघींचं बरं झालं, विषय मिटला. दुपारी मला जेवण गेलं नाही. मेथी कडू निघाली. शकुबाई माळीण अलीकडं मेथी खराब आणायला लागली आहे, तिला बोललं पाहिजे.

मार्गशीर्ष शुद्ध चतुर्थी

सकाळी मी भिंतीच्या अलीकडं धुणं वाळत घालत होते. पलीकडं फारुकनं माळ्यावरून आईची पेटी उतरवली. धूळ झटकली. हाजरा पेटीकडं बघत बसली आणि एकदम म्हणाली, "मला न्हाई यायला जमणार. मी धंदा काढून राहिले."

"कसला?"

"बिस्कुटाचा."

फारुकनं भिंतीवरून मान काढली. "मावशी, खरं का?"

मी म्हटलं, "व्हय. आमचं ठरलंय."

काही ठरलं नव्हतं. बिस्कुट मी जन्मात खाल्लेलं नाही. हिंगोलीच्या ठेसनावर लांबून पाहिलंय.

फारुक हसला नाही. शहरात राहून पोरगं शहाणं झालंय. म्हणाला, "ठीक. शिवरात्रीच्या यात्रेला मी येतो. धंदा चाललेला दिसला तर राहा. न्हाई दिसला तर पेटी बांधून तयार पायजे. बराबर?"

"बराबर," हाजरा म्हणाली.

तो दुपारच्या गाडीनं गेला. मी विचारलं, "हाजरा, तुला बिस्कुट येतं का?"

"करताना पाहिलंय."

"मग काहून बोललीस?"

"तू काहून व्हय म्हणालीस?"

बादलीत धुणं तसंच राहिलं होतं, ते वाळत घातलं.

मार्गशीर्ष वद्य द्वितीया

आज नीट विचारून घेतलं. हाजराचे मालक हैदरभाई, हिंगोलीला गोऱ्या साहेबांची पलटण होती तेव्हा तिथल्या भटारखान्यात कामाला होते. नाताळात साहेबांच्या लेकरांसाठी रंगीत बिस्कुटं करायचे. एक संत्र्याच्या वासाचं, एक आंब्याच्या, वर साखर पेरलेली. कधीमधी घरी परसात, परातीखाली निखारे आणि परातीवर निखारे ठेवून करून दाखवायचे. पलटण उठून गेली, हैदरभाई पाव भाजायला लागले, रंग राहून गेले.

"काय काय घालायचे?" मी विचारलं.

"मैदा, तूप, साखर, पापडखार, अंडं."

"अंडं माझ्या पिठात जाणार न्हाई."

"तुझ्या पिठात? बिस्कुटं मी करणार हाये."

मग मला बोलावं लागलं की यात्रेतली माणसं तिच्या हातचं खाणार नाहीत. हाजरा म्हणाली, "हे तू मला शिकवू नको. मी बी हिथलीच हाये." नंतर बराच वेळ तिनं तांदूळ निवडले. तांदूळ निवडलेलेच होते.

शेवटी ठरलं ते असं. पीठ माझ्या हातचं, विस्तव तिच्या हातचा. आच किती झाली हे तिला भट्टीपुढं नुसता तळहात धरून कळतं. मला भाकरीच्या पलीकडची आच कळत नाही. पण ती तिकडं, मी इकडं, मधे भिंत. मग भट्टी भिंतीतच घालायची.

पौष शुद्ध पंचमी

तांड्यावरचा थावरा आला. मातीकामात त्याचा हात कुणी धरत नाही. त्याला सांगितलं, भट्टीला दोन तोंडं पाहिजेत.

"आजी, भट्टीला तोंड एक आसतं."

"ह्या भट्टीला दोन."

"धूर कुणीकडं जाईल?"

दोघी एकदम म्हणालो, "तिच्याकडं."

थावरानं डोकं खाजवलं आणि धुराडं सरळ वर काढून दिलं. भिंत मधोमध फोडली, मातीची कमान केली, आत लोखंडी पत्रा बसवला. पत्र्याच्या खाली आणि कमानीच्या वरच्या खणात हाजरानं तिच्या बाजूनं निखारे सारायचे. पत्र्यावर माझ्या बाजूनं मी परात सारायची. माझ्या तोंडातून हात निखाऱ्यापर्यंत पोचत नाही, तिच्या तोंडातून परातीपर्यंत पोचत नाही. थावरानं हे स्वतः हात घालून दाखवलं.

भिकाबाई पाणी भरायला जाताना थांबली. गावात काय शिजतंय हे भिकाबाईला घरच्याच्या आधी कळतं. म्हणाली, "नर्मदाबाई, चांगली भिंत होती की. पाडली काहून?"

मी म्हटलं, "पाडली न्हाई. भोक पाडलं."

पौष वद्य प्रतिपदा

पहिली परात. गहू भिजवून वाळवले, जात्यावर दळले, पीठ वस्त्रगाळ केलं. संत्र्याचा रस घातला, म्हणजे फळाचा वास येईल. परात आत सारली. थोड्या वेळानं हाजरा पलीकडून ओरडली, "काढ!" काढली. बिस्कुटं वितळून एकमेकींना मिळाली होती. परातभर एकच बिस्कुट झालं होतं, भाकरीपेक्षा मोठं.

हाजरानं कमानीतून वाकून पाहिलं. "रस न्हाई घालत गं. साल वाळवून तिची भुकटी घालतात."

"हे आधी सांगायचं."

"तू घालताना मला दिसत होतं का? मधे भिंत हाये."

पौष वद्य पंचमी

संत्र्याची साल सावलीत वाळवून कुटली. बोरकूट केलं. आवळकाठीची भुकटी. गेल्या उन्हाळ्यातलं आंब्याचं साठं उतरंडीत होतं, त्याचे बारीक तुकडे केले. माझ्या मनानं कवठही घेतलं. हाजरा म्हणाली, कवठाचं बिस्कुट कुणी ऐकलंय का. मी म्हटलं, औंढ्याला बिस्कुट तरी कुणी ऐकलं होतं का.

संत्र्याच्या पिठाला रंग यावा म्हणून हळद घातली. वर पापडखार टाकून मळलं. पीठ हातातल्या हातात लाल झालं.

हळद आणि खार एकत्र आले की काय होतं हे मला ठाऊक असायला पाहिजे होतं. कुंकू तसंच करतात. पण कुंकवाशी माझा संबंध सुटून पुष्कळ वर्षं झाली, डोक्यातून गेलं होतं. दोन्ही हात मनगटापर्यंत लाल. शिकेकाई लावली, राख लावली, गेलं नाही. दुकानात तसंच बसावं लागलं.

भिकाबाई बेल घ्यायला आली. माझ्या बोटांकडं बघून म्हणाली, "नर्मदाबाई, या वयात?"

मी म्हटलं, "बिस्कुट आहे."

तिनं बेल घेतला आणि देवळात न जाता घरी गेली.

मी लाल पीठ टाकून देणार होते. हाजरा म्हणाली, "टाकू नको. रंग चांगला हाये." जरा वेळानं म्हणाली, "तुझ्या हाताला बी बरा दिसतो." मी पुन्हा राख घेऊन हात घासले. रंग मात्र राहू दिला. म्हणजे बिस्कुटाचा.

पौष वद्य षष्ठी

लाल बिस्कुटं निघाली. कुरकुरीत, संत्र्याचा वास दारापर्यंत. आता चव कुणी पाहायची हा प्रश्न. हाजरानं पाहिली, म्हणाली झकास. पण तिच्या जिभेवर सगळी यात्रा कशी सोडायची. दुसरीनंही पाहायला पाहिजे.

मी बसून विचार केला. शिधा चालतो, कारण तो कोरडा. बिस्कुटात पाण्याचा थेंब नाही. तूप आहे आणि फळ आहे. तुपाला आणि फळाला विटाळ नाही. म्हणजे बिस्कुट हा भाजलेला शिधा झाला. एवढा सरळ विचार इतक्या वर्षांत का सुचला नाही कोण जाणे. पण इतक्या वर्षांत बिस्कुट नव्हतं.

खाल्लं. हाजरा कमानीतून बघत होती. तिचा नुसता चेहरा दिसत होता, निखाऱ्यामुळं लाल झालेला.

"कसं हाये?"

"साखर जास्त झाली."

"मग दुसरं काहून घेतलंस?"

"खात्री करायला."

हाजरानं पदर डोळ्याला लावला. धुराडं पुन्हा थावराला दाखवलं पाहिजे, धूर तिच्याकडं जातोय.

माघ शुद्ध द्वादशी

बरेच दिवस लिहिलं नाही, हात रिकामा नव्हता. थावरानं माळावरची पळसाची फुलं आणून दिली, त्यांचा पिवळा रंग आंब्याच्या बिस्कुटाला. पालकाचा रस आटवून हिरवा, तो आवळ्याला. बोराच्या बिस्कुटाला मायाळूच्या फळांचा जांभळा काढला होता, तो भट्टीत जाऊन मातकट झाला. हाजरा म्हणते, बोराचा रंग तसाच असतो, राहू दे.

परवा तिची बकरी ईद होती. दिवसभर भट्टी बंद. मला दुकानात बसून कंटाळा आला, लवकर उठले. संध्याकाळी भिंतीशी गेले तर कमानीत तिच्या बाजूनं शेवयांचा शिधा ठेवलेला. आता भिंतीवरून हात उंच करावा लागत नाही. सोय झाली.

ती म्हणाली, "फारुकच्या तिथं वरच्या मजल्यावर खोली हाये म्हणं. अंगण न्हाई."

"वारा चांगला येत असंल."

"व्हय, वारा येत असंल."

"नळाचं पाणी आसतं तिथं."

"तूच जाऊन राहा मग," हाजरा म्हणाली आणि तिच्या बाजूचं झाकण लावून घेतलं. तिला काय झालं कळलं नाही. मी चांगलंच बोलत होते.

माघ वद्य एकादशी

डबे भरत आलेत. रॉकेलचे डबे धुऊन, उन्हात तापवून, आत कागद लावून. लाल, पिवळी, हिरवी, मातकट बिस्कुटं, आणि कवठाची, ज्यांना रंगच आला नाही. आज एकादस म्हणून मी चव पाहिली नाही, वासावर काढली. हाजरा म्हणाली, "बराबर भाजलेत, वासावरनं कळतंय."

माघ वद्य त्रयोदशी

उद्या शिवरात्र. आजपासूनच गाड्या यायला लागल्या. सिद्धेश्वराकडची माणसं, शिरड शहापूरची माणसं, सगळ्या वाटा भरल्यात. दुकानात बेल रचला. बिस्कुटांसाठी वेगळी फळी टाकली, वर स्वच्छ धोतर. एवढ्या माणसांनी एकेक घेतलं तरी डबे पुरायचे नाहीत, याची काळजी लागली आहे. म्हणून दिवसभर भट्टी पेटलेलीच ठेवली.

उद्या स्वयंपाकाला वेळ मिळणार नाही म्हणून रताळी उकडून ठेवली. भगर निवडली, शेंगदाणे भाजले. बाकी तयारीत काही राहिलेलं नाही.

माघ वद्य चतुर्दशी. शिवरात्र.

सगळं राहिलं होतं.

सकाळी फळी लावली. माणसांची ही गर्दी. सगळे थांबून बघत होते, रंग पाहून लेकरं हट्ट करत होती, आया त्यांना ओढून नेत होत्या. मला वाटलं, परतताना घेतील. मग एक म्हातारी आली. तिनं पिवळं बिस्कुट हातात घेतलं, उलटं केलं, वास घेतला.

"कशाचं हाये?"

"आंब्याचं."

"पीठ कशाचं?"

"गव्हाचं. मैदा."

"उपासाला चालतं का?"

त्या वेळी माझ्या तोंडात रताळं होतं.

म्हातारीनं बिस्कुट जागेवर ठेवलं आणि बेल घेऊन गेली. समोर सगळी यात्रा, आणि सगळ्या यात्रेला उपास. मी रोज या वहीत तिथी लिहिते. जन्मभर शिवरात्र करते.

दुपारी भिंतीशी गेले. हाजरा भट्टी पेटवूनच बसली होती. "किती गेले?"

सांगितलं.

ती म्हणाली, "या अल्ला. तुला ठाऊक नव्हतं?"

"तुला ठाऊक नव्हतं? इतकी वर्षं देवळापाशी राहतीस!"

"उपास तुझा हाये का माझा? मला वाटलं, ह्याला चालत असंल. तूच म्हणालीस, फळ हाये, तूप हाये!"

"ते विटाळाचं म्हणाले मी, उपासाचं न्हाई!"

"मला काय कळतं तुमचं, काय कशाला चालतं!" हाजराचा आवाज चढला. "मला तर वाटतं, तुला मी गेलेलीच पायजे. नळाचं पाणी सांगत होतीस."

दुकान उघडं टाकून आले होते, गाई बेल खातात. परत गेले. गाई खरंच बेल खात होत्या.

फारुक दिवस मावळायच्या आत आला. त्यानं फळी पाहिली, डबे पाहिले. वाईट काही बोलला नाही. "मावशी, मेहनत लई केली तुमी," एवढंच म्हणाला. ते वाईट बोलण्यापेक्षा वाईट. पलीकडं पेटी बांधलेली होती. हाजरानं शब्द दिला होता, तिनं ती स्वतःच दोरीनं आवळली होती. गाडी उद्या सकाळची सांगितली आहे.

माघ अमावास्या

आधी सकाळचं लिहिते.

उजाडता उजाडता दुकानात गेले. डबे घरी न्यायचे होते. माझ्यानं उचलले जात नव्हते म्हणून फारुक बरोबर आला, कोट घालूनच, कारण गाडी यायची होती. यात्रा जागरणानं पेंगुळलेली. बायका कुंडावर अंघोळी करून येत होत्या, पुरुष बैल जुंपत होते. चुली कुठंच पेटल्या नव्हत्या.

भिकाबाई आली. ओलेती, हातात तांब्या. फळीपुढं उभी राहिली.

"नर्मदाबाई, उपास सोडायचाय. चूल पेटवायला अजून वेळ हाये. ह्ये कोरडंच ना?"

मी म्हटलं, "कोरडंच."

"पाणी न्हाई ना लावलं?"

"तूप आन् फळ."

"विस्तव हाजराचा म्हणतात."

फारुक डबा हातात घेऊन उभा होता. मीही उभी होते.

भिकाबाई म्हणाली, "मग कच्चं राह्यलं नसंल," आणि लाल उचललं. नागनाथाकडं तोंड करून हात जोडले, तोंडात टाकलं. चावत चावत मागं वळून तिनं जी हाक मारली ती कुंडापर्यंत गेली असेल. "अगं ए बायांनो! पारण्याला गोड हाये हिथं! आयतं!"

पुढचं मला नीट सांगता येणार नाही. कालपासून उपाशी माणसं ती. जी लेकरं काल आयांनी ओढून नेली त्याच लेकरांनी आज आयांना ओढून आणलं. कालची म्हातारीही आली, पिवळं शोधत होती. मला दोन हात पुरेनात. फारुक म्हणाला, "मावशी, कुठला द्यायचा?" आणि डबे उघडायला लागला. लाल इकडं, हिरवं तिकडं. कोटाच्या बाह्या साखरेनं पांढऱ्या झाल्या. "एकेक करून या, दम खा, सगळ्यांना हाये!" असं तो ओरडत होता. कापडाच्या दुकानात शिकला असेल.

कवठाची कुणी घेतली नाहीत. ती तशीच राहिली.

गर्दी सरल्यावर फारुकनं एक कवठाचं तोंडात टाकलं. बराच वेळ चावलं.

"अब्बांचे असे न्हवते," म्हणाला.

"कसे होते?"

"चांगले होते."

मग त्यानं दुसरं घेतलं.

घरी आलो. पेटी उंबऱ्यात होती, हाजरा पेटीवर बसली होती. डोळे सुजलेले, चेहरा कोरा. फारुकनं रिकामे डबे तिच्यापुढं ठेवले. ती डब्यांत वाकून बघायला लागली, एकेक, तळापर्यंत.

फारुक भट्टीकडं गेला. कमानीत वाकून पाहिलं. म्हणाला, "मावशी, धंदा तर दिसला. पण ह्या वयात अम्मीनं विस्तवापुढं बसायचं... विस्तव तुमीच घालत जा की. पीठ तुमचंच हाये."

मी म्हटलं, "विस्तवाचं तोंड तिच्या बाजूला आहे. माझ्या बाजूनं हात पोचत न्हाई."

त्यानं कोटाची बाही वर करून माझ्या बाजूनं हात घालून पाहिला. पोचला नाही.

थावराला बोलावलं तर दोन घटकांत माझ्या बाजूनं विस्तवाचं तोंड पाडून देईल. हे मला ठाऊक होतं. ते काही मी बोलले नाही. हाजरालाही ठाऊक होतं. ती डब्यात बघत राहिली.

फारुकनं हात बाहेर काढला. काजळी लागली होती ती कोटालाच पुसली, कोट तसाही गेलाच होता. मग पेटीपाशी आला आणि म्हणाला, "अम्मी, ऊठ जरा." हाजरा उठली. त्यानं पेटीची दोरी सोडली आणि त्याच दोरीनं कवठाच्या बिस्कुटांचा डबा बांधला. हैद्राबादला नेतो म्हणाला. तिथं बायकोला आवडतील. तिनं कवठ कधी खाल्लेलं नाही.

गाडी गेली. हाजरा वाटेकडं बघत उभी होती, मी तिच्याकडं. ती म्हणाली, "पुढच्या शिवरात्रीला राजगिऱ्याचं पीठ घालू. उपासाला चालतं ना?"

"चालतं."

"नक्की?"

"भिकाबाईला विचारून घेऊ."

दुपारी मेथीच केली. चांगली निघाली, दोनदा वाढून घेतली. शकुबाईला मी काही बोलले नव्हते. आपणहून सुधारली असावी.